क्रूस पोकळ होता, मान्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले तरी तुमच्या वाचकांच्या पत्रांत येशूच्या बलिदानावरून जी जुंपलीय ती थांबायचं नाव नाही. एकजण लिहितो की स्वतःच्या पोराचं रक्त बघितल्याशिवाय ज्याला माफ करता येत नाही तो देव कसला, दोन दिवसांनी दुसरा लिहितो आमच्या भावना दुखावल्या, लिहिणाऱ्यावर आणि छापणाऱ्यावर कारवाई करा, मग तिसरा येतो आणि सगळंच धर्मांतराच्या खात्यात टाकून मोकळा होतो (ते धर्मांतरबंदीचं बिल डिसेंबर २०२१ ला इथंच आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमधे विधानसभेत पास झालं, तेव्हापासून आमच्याकडं येशूचं नाव काढायचं तर लोक आधी मागंपुढं बघतात). मी सगळी पत्रं चहाबरोबर वाचली आणि मिसेसला म्हटलं, अगं हे तर आपल्याच घरातलं भांडण, पेपरात कुणी दिलं? म्हणून लिहितोय. नाव मात्र छापू नका, एक गोष्ट गावात अजून माहीत नाही, ती खाली येणार आहे.

मी खानापूर तालुक्यातला मराठी कॅथलिक. एवढं सांगितलं की निम्मे लोक विचारतात, म्हणजे मूळचे गोव्याचे काय? नाही हो. आमची प्रार्थना मराठीत, शिव्या मराठीत आणि उधारी मागायची तेवढी कन्नडमधे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत चौतीस वर्षं पॅटर्नमेकर म्हणून काढली. पॅटर्न म्हणजे ओतकामाच्या आधी करतात तो लाकडाचा नमुना, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागं जी पोकळी राहते तिच्यात बीडाचा रस ओतायचा. बीड थंड होताना आकसतं म्हणून लाकूड शंभर मिलीमीटरला एक मिलीमीटर जास्त धरून कापायचं. म्हणजे पोकळीचा हिशेब हाच माझा धंदा.

आमच्या गावच्या चर्चमधे उपवासकाळात क्रुसाची वाट करतात. चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग, आणि शेवटची चार टेकडीवर. आधीचा क्रूस अख्ख्या मत्तीच्या लाकडाचा होता, साठ किलोच्या पुढंच असेल, एका वर्षी येशू झालेला पोरगा अकराव्या स्थानाला चक्कर येऊन पडला तो उठेना. फादर मला म्हणाले, तू लाकडाचा माणूस, काहीतरी कर. मी काय केलं, पातळ फळ्यांची लांब पेटी केली, आत दर फुटावर आडव्या पट्ट्या दिल्या, वरून जुन्या फळीचा पातळ काप चिकटवला, खोट्या गाठी कोरल्या, काळं पॉलिश मारलं. दिसायला जुन्यापेक्षा जड. वजन चौदा किलो. हे फक्त फादरना आणि मला ठाऊक, आणि माझ्या सात वर्षाच्या पोराला, कारण शेडमधे येऊन त्यानं बोटाच्या पेरानं टकटक करून बघितलं आणि म्हणाला, पप्पा, आत काय नाही. मी म्हटलं कुणाला सांगायचं नाही. वीस वर्षं त्यानं सांगितलं नाही.

ह्या गुड फ्रायडेला सांगितलं.

पोरगा बंगळूरला सॉफ्टवेअरमधे. चार दिवस सुट्टी टाकून आला होता. दुपारची तीनची भक्ती आटपून आम्ही घरी आलो, पेज आणि खोबऱ्याची चटणी, दुसरं काही नाही. मेव्हणा पण होता, तो गावात पोरांना धर्मशिक्षण देतो, मनानं फार चांगला पण बोलायला लागला की चर्चमधेच उभा असल्यासारखा. त्यानं ती जज्जाची गोष्ट काढली. सगळ्या प्रवचनांत असते ती, जज्जासमोर त्याचाच मित्र आरोपी म्हणून येतो, जज्ज कायद्याप्रमाणे दंड ठोठावतो आणि मग काळा कोट काढून खाली उतरून स्वतःच्या खिशातून दंड भरतो.

पोरगा म्हणाला, "मामा, दंड दुसऱ्यानं भरलेला चालतो. फाशी चालते काय? कुठल्या कोर्टात खुन्याच्या जागी दुसऱ्याला लटकवतात आणि त्याला न्याय म्हणतात?"

मेव्हणा म्हणाला, "ते प्रेम आहे बाळा."

"होय की, पण मग कोर्टाची गोष्ट कशाला सांगूलाय? आणि मेला शुक्रवारी तीनला, उठला रविवारी उजाडताना. तीन दिवस पण नाहीत मामा, चाळीस तास सुद्धा भरत नाहीत. आपण दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात जातो, १९५६ च्या सीमालढ्यातल्या गोळीबारात गेलेले ते लोक तिसऱ्या दिवशी परत आले काय? नंदगडला इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, तो उठला काय? त्याला बलिदान म्हणायचं. परत मिळणार हे माहीत असून दिलं तर ते बँकेत ठेवल्यासारखं झालं."

मी मधे पडायला पाहिजे होतं. पण खरं सांगतो, मला ऐकायला बरं वाटत होतं, पोरगा हुशार निघाला म्हणून. आणि तेवढ्यात तो बोलून गेला, "पप्पांनी केलेला क्रूस आहे तसंच आहे हे सगळं. बाहेरून जड, आत काय नाही."

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मी पेजेकडं बघितलं. तो उठला, हात धुतला, चपला घातल्या आणि बसस्टँडवर चालत गेला, वळवाचा पाऊस सुरू झाला होता तरी छत्री घेतली नाही. मिसेस दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पोराशी बोलली, ते वेगळंच.

आता तुमच्या पत्रलेखकांकडं येतो. रिटायर झाल्यापासून मी वाचनालयात बसतो आणि आमच्या ओळखीचे एक म्हातारे फादर आहेत, त्यांची अर्धी खोली पुस्तकांनी भरलेली आणि उरलेल्या अर्ध्यात ते. सोमवारी त्यांच्याकडं गेलो आणि पोरानं काय काय विचारलं ते सगळं सांगितलं, वाटलं रागावतील. ते म्हणाले, तुझ्या पोरानं एक पण प्रश्न नवीन विचारला नाही रे, मला वाटलं काहीतरी नवीन आणलास.

दंड भरता येतो पण शिक्षा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही हे सोळाव्या शतकात सोसिनस नावाचा इटालियन लिहून गेला. आणि देव होता तर मरणाच्या आदल्या रात्री बागेत घाम गाळत हा प्याला टळू दे म्हणून का रडला, हे दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक माणसानं विचारलं, त्याला उत्तर द्यायला ओरिजेन ह्या ख्रिस्ती पंडितानं आठ भाग लिहिले. रोममधे तर एका भिंतीवर कुणीतरी खरवडून चित्र काढलंय, क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस आणि खाली एकजण हात वर करून उभा, शेजारी ग्रीकमधे लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसाच्या सगळ्यात जुन्या चित्रांतलं एक म्हणजे ही चेष्टा! सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. त्या अलेक्सामेनोसनं कुठल्या स्टेशनात तक्रार दिल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा भावना दुखावल्यावाल्या गृहस्थांना माझं एवढंच म्हणणं आहे की आपला संत पौल स्वतःच करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की क्रुसावरचा ख्रिस्त हा ग्रीकांना मूर्खपणा वाटतो. त्याला माहीत होतं. तुम्हाला आत्ता कळलं?

पण मला जी गोष्ट रात्री झोपू देईना ती वेगळी, ती एका शब्दाची आहे. मराठी बायबलमधे मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय. खंडणी! लहानपणापासून हा शब्द मी डोळे मिटून ऐकत आलो. आणि तुमच्याच पेपरात तिसऱ्या पानावर खंडणी म्हणजे काय असतं, बिल्डरला फोन येतो ते. मग पैसे भरले ते सोडा, फोन कुणी केला होता? फादर हसले, म्हणाले, हा मात्र बरोबर प्रश्न, आणि हा नास्तिकांनी नाही, आमच्याच लोकांनी विचारलाय.

झालं असं की पहिल्या काही शतकांत बऱ्याच जणांचं म्हणणं की खंडणी सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. निस्साचे ग्रेगरी म्हणून बिशप होते ते तर म्हणाले की देवानं सैतानाला गळ लावला, येशूचं शरीर म्हणजे आमिष आणि आत देवपणाचा काटा, सैतानानं गिळला आणि अडकला. (मलप्रभेवर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल, पण देव असा फसवून धंदा करतो हे मला काही पटत नाही.) तर त्यांच्याच काळातले, त्यांचेच मित्र, नाझियान्झसचे ग्रेगरी, चौथं शतक, ते चिडले. त्यांचं म्हणणं, चोराला देवाची खंडणी मिळाली म्हणणं हा तर देवाचा अपमान. आणि बापाला दिली म्हणावं तर बापानं कधी मागितली होती? अब्राहाम पोराला घेऊन डोंगरावर गेला तेव्हा सुद्धा त्यानं इसहाकला घेतलं नाही, मेंढा दिला. हे एका संताचं म्हणणं आहे, तुमच्या त्या रक्ताचा देव म्हणून लिहिणाऱ्या पत्रलेखकाचं नाही, आणि दोघांचा मुद्दा जवळजवळ एकच!

पुढं अकराव्या शतकाच्या शेवटाला इंग्लंडातल्या कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म आले, त्यांनी सैतानाला बाजूला केलं आणि हिशेब मानापमानावर नेला, माणसानं देवाचा मान घालवला, ती भरपाई माणसाच्या ऐपतीबाहेरची, म्हणून देवालाच माणूस व्हावं लागलं. त्यांच्या काळात जमीनदाराचा मान म्हणजे सगळं काही, आमच्याकडं इनामदाराचा असायचा तसा. लगेच पुढच्या पिढीत अबेलार्ड म्हणाला की निरपराध्याचं रक्त किंमत म्हणून मागणं हे क्रूर आहे. मग कॅल्विन, प्रोटेस्टंटांचा मोठा पुढारी, तो कायदा शिकलेला, त्याच्याकडं आल्यावर सगळं कोर्टात गेलं, गुन्हा, शिक्षा, बदली आरोपी. मेव्हण्याची जज्जाची गोष्ट ही त्याच गल्लीतली. गंमत म्हणजे मेव्हणा पक्का कॅथलिक आणि त्याला माहीतच नाही की तो कॅल्विनच्या गल्लीत उभा राहून बोलतोय!

आणि आम्ही दर रविवारी जे श्रद्धासूत्र म्हणतो त्यात काय आहे? आमच्यासाठी क्रुसावर खिळला गेला, दुःख भोगलं, पुरला गेला. कसं काम झालं, कुणाला किती पोचलं, त्यात एक अक्षर नाही. रोज चर्चला जाणारा माणूस मी, साठ वर्षं हे म्हणतोय आणि लक्षात आलं नव्हतं.

वाद घालायची लाज वाटत असेल तर आपल्याच गावाचं बघा. बाबा पदमनजी, ज्यांचं नाव मराठीतल्या पहिल्या कादंबरीसाठी घेतात, ते बेळगावचे. जन्म १८३१ चा, बाप्तिस्मा पण इथंच, १८५४ ला. (त्याच १८३१ च्या जानेवारीत नंदगडला रायण्णाला फाशी दिलं. एकाच वर्षात जिल्ह्यानं काय काय बघितलं.) आणि तिकडं मुंबईला १८५७ मधे विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, लोक ऐकायला गर्दी करायचे, दोन्हीकडून प्रश्न, दोन्हीकडून उत्तरं. आज खडेबाजारात दोघांनी एवढं बोलून दाखवावं, पाच मिनिटांत व्हिडिओ आणि दहाव्या मिनिटाला पोलीस.

जोतीराव फुल्यांनी तर येशूला बळीराजाच म्हटलं. मला ते फार आवडतं, कारण आपल्या भाषेत बळी म्हणजे यात्रेत कापतात तो बकरा पण आणि ज्याचं राज्य परत यावं म्हणून आपल्या बायका दिवाळीत ओवाळतात तो राजा पण. कापणारा आणि कापला जाणारा ह्यात आपण कुणाच्या बाजूला, एवढाच प्रश्न उरतो. लक्ष्मी यात्रेत बकरं कापू नका म्हणून १९५९ चा कायदा आहे, तो किती पाळतात ते मला आणि तुम्हाला माहीत आहे, पण बळी देवाला पाहिजे असतो की माणसाला, हा प्रश्न यहुद्यांच्या होशेय संदेष्ट्यानं पण विचारलाय. मला यज्ञ नको, दया पाहिजे. येशूनं हेच वाक्य दोनदा उचललंय, मत्तयमधे आहे. असा माणूस बापाला रक्त पाहिजे होतं म्हणून मेला असं मला तरी म्हणवत नाही. त्याला मारलं पिलातानं, रोमन सरकारनं, आणि ज्यांची दुकानं त्याच्यामुळं बंद पडणार होती त्यांनी. तो पळून जाऊ शकत होता, गेला नाही. माझं बलिदान एवढंच आहे, तुमचं मोठं असेल तर असो.

आता पोराच्या तासांच्या हिशेबाचं. मी त्याला फोनवर म्हटलं, तू रायण्णाचं नाव घेतलंस (हल्ली ते नाव काढलं की आमच्याकडं आधी भाषेचं भांडण, पिरनवाडीला त्याच्या पुतळ्यावरून मराठी-कन्नड काय झालं ते सगळ्यांना आठवतं), तर नंदगडला त्याच्या समाधीजवळ वडाचं झाड आहे, तिथं मूल होत नाही अशी जोडपी येऊन लाकडी पाळणे बांधतात. आमच्या फौंड्रीतल्या एकासाठी तसला एक मीच करून दिलाय, वीतभर, शिवणीच्या लाकडाचा. ज्याला फासावर चढवला त्याच्याकडं माणसं पोर मागतात. म्हणजे लोकांच्या लेखी तो पूर्ण मेलेला नाही. म्हणून त्याचं बलिदान कमी झालं काय? कुणी तिथं जाऊन म्हणतं काय की रायण्णा, तू अजून पोरं देतोस म्हणजे तुझी फाशी खोटी? पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पप्पा, ते लोक खरंच मानतात म्हणून ते खरं होत नाही. बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, खरंखोटं नंतर बघू, मी हिशेबाबद्दल बोलतोय.

दुसरं सांगितलं ते पाचव्या स्थानाचं. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्क, मत्तय, लूक तिघं सांगतात की येशूचा क्रूस शेवटी त्यानं एकट्यानं नेलाच नाही, शेतावरून येणाऱ्या शिमोन कुरेनेकर म्हणून एकाला शिपायांनी धरलं आणि त्याच्या खांद्यावर दिला. योहान मात्र लिहितो की त्यानं आपला क्रूस आपणच वाहिला. चौघांचे शेवटचे शब्द पण जुळत नाहीत, दोघं सांगतात की तो ओरडला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, लूककडं तो आत्मा बापाच्या हातात देतो, योहानकडं म्हणतो पूर्ण झालं. पोरगा म्हणाला, बघा, ह्यालाच आम्ही विसंगती म्हणतो. मी म्हटलं, होय, आमच्या अप्पाच्या शेवटच्या शब्दांवरून माझ्या तीन आत्या अजून भांडतात, पण अप्पा गेले ह्यात वाद नाही. आणि देवा तू मला का सोडलंस हे वाक्य खोटं रचणारा माणूस आपल्या देवाच्या तोंडी घालेल असं मला वाटत नाही. त्या वाक्यात चाळीस तासांनी काय होणार ते माहीत असलेला माणूस दिसत नाही. तिथं पोरगा काही बोलला नाही, नेटवर्क गेलं असेल.

त्या क्रुसाबद्दल आता सांगून टाकतो, नाव का छापू नका म्हटलं ते. गेली अकरा वर्षं गावात येशू होतो तो माझा मेव्हणाच. चपला नाहीत, एप्रिलचं ऊन, चौदा किलोची ती माझी पेटी खांद्यावर. त्याच्या उजव्या खांद्यावर काळा डाग पडलाय, ईस्टरला शर्ट बदलताना पोरांना दाखवायचा. मला दरवर्षी वाटायचं की सांगावं, आणि दरवर्षी वाटायचं की पुढच्या वर्षी सांगू. पोरानं बलिदान पोकळ म्हटलं म्हणून तो उठून गेला नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

ईस्टरला मिसेसनं मटणाचा डबा पाठवला, आठ दिवस डबा परत आला नाही. मग एका बाईकवाल्याच्या हाती आला, आत नारळाच्या वड्या. रात्री मी फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, काजू, बसचं टायमिंग. मग तो म्हणाला, "दाजी, वजन किती हो त्याचं?"

मी म्हटलं, "चौदा किलो."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला जड लागायचा."

आपला,
एक जुना पॅटर्नमेकर, बेळगाव